बायोडिझेल धुवायला कोणता एअर पंप घ्यावा? माझा अनुभव

वापरलेल्या खाद्यतेलात मिथेनॉल वगैरे घालून बायोडिझेल बनवलं की त्यात थोडा साबण आणि मिथेनॉल उरतं. ते काढायला खाली पाणी ठेवून तळाशी हवेचे बुडबुडे सोडतात, हेच धुणं. असं धुताना २०० लिटरच्या ड्रममध्ये माशांच्या टाकीचा छोटा पंप बुडबुडेच सोडेना. हवेला तळाशी जवळपास ८० सेंटीमीटर द्रवाचा दाब ढकलायचा असतो. म्हणून मिनिटाला किती लिटर हे नंतर, आधी पंप किती खोलीपर्यंत चालतो ते बघावं. तसा दोन तोंडांचा पंप आणला, काम सुरू झालं. काही जण कॉम्प्रेसर सुचवतात. नको! उरलेला साबण जोरात घुसळला की ताकासारखं पांढरं मिश्रण होतं आणि पाणी लवकर सुटत नाही.

पंप ड्रमपेक्षा उंचावर टांगला, नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवला. नाहीतर लाईट गेली की तेल उलटं पंपात शिरतं. साधी पारदर्शक नळी बायोडिझेलमध्ये कडक होते, म्हणून बुडणारा भाग स्टीलचा घेतला. मिथेनॉलची वाफ पेट घेते, त्यामुळे हे सगळं मोकळ्या हवेत.