कोंबड्या खुराड्यात झोपत नाहीत? आधी या चुका टाळा

पावसाळा सरला की परसात चार कोंबड्या पाळायची हौस बऱ्याच जणांना येते, आणि लगेच संध्याकाळचे फोन सुरू होतात. "काका, सगळ्या आंब्यावर चढल्यात, उतरतच नाहीत." "काका, खुराडं रिकामं आणि ह्या बाया स्कूटरवर!" ज्याला त्याला वाटतं आपल्याच कोंबड्या हट्टी. अहो, कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवस मावळायच्या आत उंच, कोरडी जागा गाठायची हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. ती तुमच्या खुराड्यात जात नसेल तर एक तर आत काहीतरी बिनसलंय, नाही तर ते आपलं घर आहे हे तिला अजून कळलेलं नाही.

आणल्या आणि सोडल्या

शनिवारी बाजारातून आणायच्या, रविवारी सकाळी परसात मोकळ्या सोडायच्या, फोटो काढायचे आणि संध्याकाळी शोधत फिरायचं. नव्या कोंबड्या आठवडाभर खुराड्यातच ठेवा, दाणापाणी आतच. यावर ठरलेलं उत्तर येतं, "बिचाऱ्यांना कोंडून कसं ठेवायचं?" रात्री झाडावरून भाटी (रानमांजर) उचलून नेते ते बरं चालतं!

आठवडा झाला की पहिल्या दिवशी सकाळी नाही, सूर्यास्ताच्या तासभर आधी सोडा, तेही उपाशीपोटी. लांब जायला वेळच मिळत नाही आणि भूक परत आणते. मी तांदळाची कणी पत्र्याच्या डब्यात ठेवतो. डबा वाजला की परसाच्या कोपऱ्यातून धावत येतात. मात्र ही कणी खुराड्याच्या आतच पडली पाहिजे. दारात टाकलीत तर खाऊन पुन्हा झाडावर.

झाडावर बसल्याच तर काठ्या-दगड मारू नका. पूर्ण अंधार पडू द्या, मग मिणमिणती बॅटरी घेऊन जा. अंधारात कोंबडी मुकाट हातात येते. तिला खुराड्यात बसायच्या आडव्या दांडीवर नेऊन बसवा, दार लावा. हे रोज करायचं, तिला सवय लागेपर्यंत. दोन दिवस करून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांनी अंडी दुकानातून आणावीत. अंगाने हलक्या गावठी कोंबड्या फारच उडत असतील तर एकाच पंखाची लांब पिसं कात्रीने छाटा. पूर्ण वाढलेलं पीस कापताना दुखत नाही, आणि जुनी पिसं झडली की नवी येतात. कोवळ्या, रक्त असलेल्या पिसाला मात्र हात लावू नका.

रोज बसणाऱ्या कोंबड्या अचानक नाकारतात तेव्हा

ही माझी सगळ्यात लाडकी तक्रार, कारण इथे शंभरातले नव्वद जण कोंबडीलाच दोष देतात. आमच्या पलीकडच्या वाडीत शहरातली नोकरी सोडून आलेला एक तरुण आहे. त्याच्या कोंबड्या महिनाभर नीट बसत होत्या. मग संध्याकाळी दारापर्यंत यायच्या, मान आत घालायच्या आणि मागे फिरायच्या. त्याने काठी घेऊन हाकलून कोंडल्या, तर रात्रभर आत फडफड. पुढे अंडी घटली, तुरे फिके पडले. तो म्हणे, "काका, साप येत असणार." सापासाठी त्याने जाळी बदलली, खुराड्याभोवती लसूण टाकली, फिनेल ओतलं, कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबूही टांगलं.

मी गेलो ते रात्री नऊनंतर. एक जुनं पांढरं फडकं घेतलं आणि दांडीच्या खालच्या अंगाने, भिंतीत जिथे टोक बसतं तिथपर्यंत फिरवलं. बाहेर काढलं तर त्यावर रक्ताच्या बारीक रेघा. बॅटरी जवळ धरली तर टोकाच्या फटीतून मोहरीपेक्षाही बारीक लाल किडे रांगेने बाहेर पडत होते. दिवसा हे फटीत दडून बसतात, रात्री कोंबडीच्या अंगावर चढून रक्त पितात. उपाशी असले की करडे दिसतात, म्हणून दिवसा पाहणाऱ्याला ती नुसती धूळ वाटते. त्याचे स्वतःचे हातही आठवडाभर खाजत होते, ते तो डासांच्या नावावर खपवत होता. खुराडं जुनं, स्वस्तात विकत घेतलेलं, आणि हे पाहुणे त्यातूनच आले. रिकाम्या खुराड्यात ते कित्येक महिने उपाशी तग धरतात, त्यामुळे "चार-सहा महिने वापरात नव्हतं" याला काही अर्थ नाही.

उपाय कष्टाचा आहे. दांड्या काढायच्या, उकळतं पाणी ओतायचं, कडक उन्हात टाकायच्या. खालचं तूस उचलून जाळायचं. फटी चुन्याने लिंपायच्या. आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा करायचं, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या किड्यांच्या अंड्यांतून तोवर नवे किडे निघालेले असतात. आमच्या पठ्ठ्याने एकदा केलं, "झालं" म्हणाला, आणि पंधरवड्यात कोंबड्या पुन्हा आंब्यावर. दुसऱ्यांदा नीट केलं तेव्हा कुठे बसल्या. औषध मारायचंच असेल तर पशुवैद्यकाला विचारा. शेतातलं उरलेलं कीटकनाशक खुराड्यात मारू नका, अंडी तुम्हीच खाणार आहात.

अंड्यांची पेटी दांडीपेक्षा उंच

कोंबडी सापडेल त्या सर्वांत उंच जागी झोपते. ती जागा अंड्यांची पेटी असेल तर सकाळी अंडी शिटेने माखलेली. दांडी नेहमी पेटीपेक्षा उंच हवी. सवय लागलीच असेल तर संध्याकाळी पेटीच्या तोंडावर गोणपाट बांधा, पहाटे सोडा. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी पेटीत असेल तर तिला यातून सूट. गिरिराज, वनराज यांसारख्या अंगाने जड कोंबड्यांसाठी दांडी दीड-दोन फुटांवरच ठेवा आणि पेटी त्याहून खाली. उंचावरून धपकन उड्या मारून त्यांचे तळपाय सुजतात.

बाकीच्या, पटापट

लोखंडी किंवा पीव्हीसी पाइपची दांडी नको, पाय घसरतात. दोन इंच रुंद, कडा घासलेली लाकडी पट्टी घ्या. दर कोंबडीमागे आठ-नऊ इंच जागा, नाहीतर रोज भांडणं आणि नव्या तलंगा (अजून अंडी न घालणाऱ्या कोवळ्या कोंबड्या) जमिनीवर.

आत रात्रभर दिवा नको. बाहेरचा दिवा झगमगत असेल आणि आत काळोख, तर त्या आत येणार कशाला?

पावसात चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळू नका. शिटेच्या वाफेने तुमच्याही डोळ्यांत पाणी येईल. कोंबड्यांच्या डोक्याच्या वर हवेला वाट ठेवा.

दार घड्याळ पाहून लावू नका. आपल्याकडे जूनअखेर सूर्यास्त सव्वासातच्या आसपास, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला. बारा महिने साडेसहाचा गजर लावणारे जूनमध्ये कोंबड्यांना बाहेर ठेवून दार लावतात.

रात्री कोंबडी गेली की मुंगसाला शिव्या देऊ नका. तो दिवसा फिरतो. रात्रीचे चोर म्हणजे भाटी, उदमांजर, कुत्री आणि पिल्लं असतील तर घूस.

हे सगळं ठीक असून एकटीच खाली बसत असेल, तर तिला उचलून पाहा. तळपायाला गाठ आहे का, छातीचं हाड टोचतंय का, गळ्याखालची पिशवी सकाळीही भरलेली आहे का. मान वाकडी होत असेल, पाय लुळे पडले असतील, हिरवट पातळ शीट असेल तर तिला लगेच वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, तेव्हा राणीखेत (मानमोडी) रोगाची शंका घ्यावी लागते.