बाथरूमचं काम काढताय? फरशीखालच्या या चुका टाळा

जुनं बाथरूम नवं करायचं ठरलं की पहिला रविवार टाइल्सच्या शोरूममध्ये जातो. आमचाही गेला. ठाण्यातला पंचवीस वर्षं जुना फ्लॅट, साडेसहा बाय चारचं बाथरूम आणि घरात चर्चा एकच, राखाडी घ्यायची की बेज? फरशीखाली काय जाणार, हे कुणी विचारलंच नाही.

कंत्राटदाराने वॉटरप्रूफिंगचा कोट मारला, वर दोन बादल्या पाणी ओतलं, ‘काही होत नाही ताई’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी टाइल्स लावायला घेतल्या. दीड महिन्याने खालच्या काकूंनी बोलावलं. त्यांच्या बाथरूमच्या छताला आमच्या नहाणी ट्रॅपभोवती (जमिनीवरचं पाणी जिथून वाहून जातं तो जाळीखालचा भाग) ताटाएवढा ओला डाग आणि कडेने रंगाचे पोपडे. रागावल्या नाहीत बिचाऱ्या. खाली ठेवलेली बादली दाखवून एवढंच म्हणाल्या, ‘अगं, रात्री थेंब वाजतात, झोप लागत नाही.’ नव्या कोऱ्या टाइल्स आम्ही फोडल्या.

म्हणून पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीत घाई करू नका. नहाणी ट्रॅपच्या तोंडाला बूच मारा, दाराशी सिमेंटचा छोटा बांध घाला, दोन-तीन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारा. किमान ४८ तास हात लावायचा नाही. उन्हाळ्यात थोडं पाणी हवेतही उडतं, त्यामुळे रेघेइतकंच खालच्या घरातल्या छताकडेही लक्ष ठेवा. त्या घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब अनेकदा बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो आणि त्या खोलगट भागातून पाइप जातात. तिथे ही चाचणी दोनदा करा, एकदा स्लॅबवरच्या कोटनंतर आणि एकदा पाइप टाकून, कोबा (वरचा भरावाचा काँक्रीटचा थर) करून वरचा कोट झाल्यावर. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) काढून घ्या आणि कोट भिंतीवर किमान फूटभर चढवा. शॉवरच्या बाजूला आणखी वर. ट्रॅप आणि पाइप जिथून स्लॅबमधून जातात, गळती बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.

दुसरी चूक खरेदीच्या क्रमाची. कमोड आणि डायव्हर्टर (नळ आणि शॉवरमध्ये पाणी वळवणारा व्हॉल्व्ह) प्लंबर यायच्या आधी घरात हवेत. कमोडचं जमिनीतलं भोक भिंतीपासून किती अंतरावर, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, जसं ९ इंच किंवा १२ इंच. हे माप तयार भिंतीपासून धरायचं. उघड्या भिंतीपासून मोजलं तर टाइल आणि मसाला मिळून इंच-दीड इंच जातो आणि कमोड बसत नाही. भिंतीत जाणाऱ्या डायव्हर्टरच्या प्लॅस्टिक कव्हरवर कमाल-किमान खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मध्ये यायला हवा. प्लंबर घाईत असतो, खूण तुम्हीच बघा.

टाइल्स लागण्यापूर्वी पाइपलाइन हातपंपाने दाब देऊन तपासून घ्या आणि पंपावरच्या दाबमापकाचा काटा रात्रभर स्थिर राहतो का ते पाहा. मग भिंतीला मोजायची टेप लावून प्रत्येक बाजूचे फोटो काढा. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना हेच फोटो पाइप वाचवतात.

जमिनीला ट्रॅपकडे ढाळ साधारण मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर द्या. जमिनीसाठी दोन बाय चार फुटांच्या मोठ्या टाइल्स कितीही देखण्या असोत, लहान बाथरूममध्ये त्यांना चारही बाजूंनी ट्रॅपकडे नीट उतार देणं अवघड जातं. तिथे लहान, खडबडीत टाइल्सच घ्या, विशेषतः घरात वयस्कर माणसं असतील तर.

गिझरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवंच. इथे पैसे वाचवू नका.

काम झाल्यावर ओल आलीच तर लगेच फोडकाम काढू नका. दोन दिवस बाथरूम वापरू नका, पण पाण्याची लाइन चालू ठेवा. ओल तशीच राहिली तर लाइनचा मुख्य कॉक बंद करून आणखी दोन दिवस बघा. मग ओल सुकायला लागली तर दाबाखालच्या पाइपवर संशय घ्या. वापर थांबवताच ओल कमी झाली आणि आंघोळीनंतर वाढली, तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपचा जोड बघा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून ठेवा. फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय. दुर्गंधीचं कारण अनेकदा सोपं असतं. बरेच दिवस न वापरलेल्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी सुकलेलं असतं, तांब्याभर पाणी ओता.

फोडकामाच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि राडारोडा कुठे टाकायचा तेही विचारून घ्या. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे एका घरातून दुसऱ्या घरात होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदस्यांनीच करायचा असतो, सोसायटी करत नाही. आम्हीही काकूंच्या छताचा रंग करून दिला.

आणि चार-पाच टाइल्स जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, खोक्यावरचा शेड नंबर लिहून. पुढे एखादी फोडावी लागली तर तीच छटा बाजारात बहुधा मिळत नाही.