टेबल कुणी उडवलं? ट्रान्झॅक्शन लॉगमधून काढलेला माग

नोकरीला लागून चार महिने झाले होते. सोमवारी सकाळी प्रॉडक्शनच्या (म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या) एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमधून बिलांची तीन टेबलं गायब! कुणीतरी म्हणालं, सर्व्हर रिस्टार्ट करून बघू. मॅडमनी तिथेच अडवलं. मला म्हणाल्या, "आधी लॉगचा कॉपी-ओन्ली बॅकअप घे."

ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही. नेहमीचा लॉग बॅकअप झाला की लॉगमधली जुनी जागा पुन्हा वापरायला मोकळी होते. कॉपी-ओन्लीने ती होत नाही, पुरावा जागेवर राहतो. डेटाबेस सिंपल रिकव्हरीवर (लॉगची जागा आपोआप मोकळी होणाऱ्या पद्धतीवर) असता तर चेकपॉइंटनंतर, म्हणजे बदल डिस्कवर उतरवले गेल्यावर, बहुधा हाती काहीच लागलं नसतं. आमचा फुल रिकव्हरीवर (बॅकअप होईपर्यंत लॉग जपणाऱ्या पद्धतीवर) होता, हे नशीब.

मग एफएन_डीबीलॉग हे लॉग वाचणारं फंक्शन चालवलं. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत माहितीत ते नाही, पण डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) मंडळी सर्रास वापरतात. लाखो ओळी आल्या आणि मी गांगरलो. मॅडमनी गाळणी लावायला शिकवलं: ट्रान्झॅक्शनचं नाव 'ड्रॉपओबीजे' (ड्रॉप म्हणजे काढून टाकणं) असलेल्या ओळीच घ्यायच्या. तीन ओळी उरल्या. प्रत्येकीत सुरुवातीची वेळ आणि ट्रान्झॅक्शन एसआयडी, म्हणजे लॉगिनची सांकेतिक ओळख. टेबलाचं नाव मात्र नाही. त्याच ट्रान्झॅक्शनच्या लॉकच्या नोंदीत ऑब्जेक्ट आयडी (टेबलाचा क्रमांक) मिळतो. एसआयडी सुसर_एसनेम या फंक्शनला दिला की लॉगिन कळतं. (लॉगचा बॅकअप आधीच होऊन गेला असेल, तर ती फाइल एफएन_डंप_डीबीलॉगने वाचता येते, ते टेस्ट सर्व्हरवर करा.)

आमच्याकडे आलं ॲप्लिकेशनचं सामायिक लॉगिन. त्याचा पासवर्ड अख्ख्या टीमकडे! लॉग लॉगिन सांगतो, माणूस नाही, हे मला त्या दिवशी नीट उमगलं.

पुढचा धागा डीफॉल्ट ट्रेसमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो त्या घडामोडींच्या नोंदीत, मिळाला. त्यात ऑब्जेक्ट काढल्याची नोंद होस्टनेम (मशीनचं नाव) आणि प्रोग्रामच्या नावासकट असते. पण २० एमबीच्या ५ फायली भरल्या की जुनी पुसली जाते, आणि दर रिस्टार्टला नवी फाइल सुरू होते. म्हणून तर मॅडम रिस्टार्टला नाही म्हणाल्या होत्या. प्रोग्राम होता मॅनेजमेंट स्टुडिओ, म्हणजे हाताने कमांड चालवायचं साधन, आणि मशीनचं नाव एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपचं. टेस्टची विंडो समजून त्याने स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवली होती. त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता.

मॅडमनी त्याला बाजूला बोलावून शांतपणे सांगितलं. पहिल्या ड्रॉपच्या एलएसएनच्या (लॉगमधल्या नोंदीच्या क्रमांकाच्या) अलीकडेपर्यंत डेटाबेस वेगळ्या नावाने रिस्टोर केला, आणि टेबलं परत आणायला तोच रात्री उशिरापर्यंत आमच्याबरोबर बसला. दुसऱ्या दिवशी सामायिक लॉगिनकडून ड्रॉपचा अधिकार काढून घेतला आणि प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळालं.