पुढचं दिसत नसताना देवाची आज्ञा कशी पाळायची

नोकरीचं उत्तर येत नाही, तपासणीचा अहवाल हातात आलेला नाही, लग्नाचं जमतंय की मोडतंय कळत नाही. अशा वेळी "प्रभू, तुझी इच्छा कळू दे" ही प्रार्थना आपसूक ओठांवर येते. ती करण्याआधी स्वतःला एक विचारा: उत्तर मनाविरुद्ध आलं, तर मी ते मानणार आहे का?

यिर्मयाच्या पुस्तकाचे ४२ आणि ४३ हे अध्याय सलग वाचा. बाबेलच्या राजाने यहूदावर नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झाल्यावर देशात मागे उरलेले लोक बाबेलच्या भीतीने मिसरकडे निघाले होते. बेथलेहेमजवळ थांबून त्यांनी यिर्मया संदेष्ट्याला गळ घातली: देवाला विचार, उत्तर बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. उत्तर यायला १० दिवस लागले. ते होतं, 'इथंच राहा'. लोक यिर्मयाला म्हणाले, तू खोटं बोलतोस. आणि मिसरला गेले, त्यालाही बरोबर घेऊन. विचारण्याआधीच त्यांचं बिऱ्हाड मिसरच्या वाटेला लागलं होतं.

म्हणून पहिलं काम हे करा. देव 'हो' म्हणाला तर मी उद्या काय करीन आणि 'नाही' म्हणाला तर काय करीन, दोन्ही लिहा. एका उत्तरापाशी लेखणी अडते. अडू द्या, आणि देवाला तेच सांगा: इथे माझं मन तयार नाही. न मानण्याची इच्छा लपवून केलेल्या प्रार्थनेपेक्षा ही कबुली खूप पुढची आहे.

आता दुसरा कागद घ्या. मधोमध उभी रेघ मारा आणि अनुवाद २९:२९ उघडा. तिथे मोशे दोन ढीग वेगळे करतो: गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, प्रकट केलेल्या आपल्या, आणि त्या पाळण्यासाठी दिलेल्या. कागदावरही तसंच करा. डावीकडे मला ठाऊक नसलेलं: निवड होईल का, आजार कोणता निघेल, समोरचा माणूस बदलेल का. उजवीकडे देवाने आधीच स्पष्ट सांगितलेलं: खरं बोल, घेतलेलं परत कर, क्षमा कर, आईवडिलांचा मान राख, हातातलं काम मन लावून कर. वीस मिनिटं पुरतात. बहुतेकांचा डावा रकाना भराभर भरतो आणि उजवा रिकामा राहतो, कारण चिंतेत आपल्याला उद्याचे प्रश्नच आठवतात. उजव्या रकान्यात निदान पाच ओळी येईपर्यंत उठू नका. ओळी ठोस हव्यात. 'प्रेमाने वागायचं' एवढ्याने काही होत नाही. 'भावाला संध्याकाळी फोन करून त्या शब्दांची माफी मागायची' असं लिहिलं की ते झालं की नाही हे रात्री तपासता येतं.

उजवीकडचं एक काम आजच करा. यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात यार्देन दुथडी भरून वाहत होती आणि याजकांचे पाय पाण्याच्या कडेला टेकल्यावर प्रवाह थांबला. वाट आधी मोकळी झाली नव्हती. तरी हा उतारा वाचून कुठल्याही पाण्यात उडी घेऊ नये. याजकांना 'पाय ठेवा' असं सांगितलेलं होतं. सांगितलेलं नसताना टाकलेलं धाडसी पाऊल हा विश्वास ठरत नाही. सैतानाने सुचवूनही मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला प्रभू येशूने नकार दिला, तो याच कारणाने.

किती दिवसांचा विचार करायचा, यालाही माप आहे. रानात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देव रोज देत असलेलं अन्न, माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप) गोळा करायचा होता. सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायला सांगितलं होतं आणि तो सातव्या दिवशी टिकला (निर्गम १६). तेव्हा पुढची तरतूद करणं हा अविश्वास नाही. आज्ञेबाहेर, भीतीपोटी केलेला साठा सडला. बचत करा, विमा काढा, अर्ज करा. उद्याच्या संकटाची रंगीत तालीम मात्र रात्री दोन वाजता मनात सुरू झाली, तर ती ओळ डाव्या रकान्यात लिहून झोपा.

झोप आणि जेवण यांना हलकं समजू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून खाऊ घातलं, आणि मध्ये तो पुन्हा झोपला (१ राजे १९). देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर झालं. थकलेल्या माणसाने मोठा निर्णय घेऊ नये. उपास करायचा तर अंगात ताकद असताना करा. आजारात, गरोदरपणात किंवा औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. औषध सोडणं म्हणजे विश्वास, असं कुणी सांगत असेल तर २ राजे २०:७ दाखवा: देवाने हिज्कीया राजाला बरं करण्याचं वचन दिलं होतं, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं.

रोजच्या प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चारदा विचारतो, कुठवर? पुढच्या दोन वचनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. पंधरा मिनिटं तीन भागांत वाटा: पाच मिनिटं तक्रार, पाच मिनिटं नेमकं मागणं, पाच मिनिटं देवाने आधी काय केलं याची आठवण. पुष्कळ विश्वासणारे तक्रारीचा भाग गाळतात, ती अभक्ती वाटते म्हणून. मग तिसऱ्या भागातले शब्द पोकळ होतात आणि आठवड्याभरात प्रार्थनाच सुटते. गेथशेमानेत प्रभूनेही प्याला टळावा असं आधी मागितलं, आणि एकदा नव्हे, तीनदा प्रार्थना केली. मागणं आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही दोन्ही एकाच प्रार्थनेत मावतात.

दोन्ही वाटा शास्त्राला धरून असतील, तेव्हा निर्णय कसा घ्यायचा? प्रेषितांची कृत्ये १६:६-१० मध्ये पद्धत दिसते. आसिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला आत्म्याने पौल आणि त्याच्या सोबत्यांना मनाई केली, शेजारच्या बिथुनियाकडेही जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री पौलाला दर्शन झालं: मासेदोनियाचा एक माणूस बोलावत होता. दर्शन एकट्याला झालं, पण मासेदोनियाला जायचं हा निष्कर्ष 'आम्ही' काढला असं लेखक लिहितो. बंद दारं, दर्शन आणि सोबत्यांचा विचार, सगळं एकत्र धरून. तुम्हीही तिघांना विचारा: एक तुम्हाला जवळून ओळखणारा, एक त्या विषयातला जाणकार, आणि एक असा, जो बहुधा तुमच्याविरुद्ध बोलेल. तिघांना तीच माहिती द्या. आपल्याला हवं ते म्हणणाऱ्यालाच पाच वेळा विचारून त्याला 'पुष्टी' म्हणण्याची चूक फार होते. निर्णयाची तारीख ठरवा, त्या दिवशी ठरवा आणि कारणं चार ओळींत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी मन डळमळलं की त्या ओळी कामी येतात.

खूण मागण्याबद्दल एवढंच: गिदोनाने रात्री लोकर ठेवून फक्त तिच्यावरच दंव पडावं अशी खूण मागितली, तेव्हा देवाने त्याला आज्ञा आणि वचन दोन्ही आधीच दिली होती, आणि ते तो स्वतःच बोलून दाखवतो (शास्ते ६:३६). कळलेली आज्ञा लांबवण्यासाठी खुणा मागत बसू नका.

वाट पाहताना माणसं घसरतात ती शेवटच्या टप्प्यात. शौल राजा शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहत गिलगालात ठरलेले सात दिवस थांबला. सैन्य पांगत होतं, पलिष्टी जमले होते, शमुवेल दिसेना. त्याने होमबली स्वतः अर्पण केला, आणि अर्पण संपतं न संपतं तोच शमुवेल आला (१ शमुवेल १३). त्याचं कारण ऐकायला अगदी धार्मिक होतं: परमेश्वराची कृपा मागितली नव्हती म्हणून. आपणही घाईला असंच धार्मिक नाव देतो. देवाने संततीचं वचन दिलेला अब्राहाम ७५ वर्षांचा असताना हारानातून निघाला, त्याच्या ८६ व्या वर्षी साराची दासी हागार हिला त्याच्यापासून इश्माएल झाला, इसहाक झाला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता. कनानात दहा वर्षं गेल्यावर दासीकडून मूल मिळवण्याचा साराने सुचवलेला तो उपाय त्या काळच्या रीतीला धरून होता, म्हणूनच तो बिनधोक वाटला. स्वतःला विचारा: ही वाट मला वचनामुळे बरोबर वाटते, की फक्त वेळ संपत आली म्हणून?

"देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं आहे" असं कुणी म्हणालं, तर १ राजे १३ आठवा. यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला तिथे खाऊपिऊ नको असं स्पष्ट सांगितलं होतं. बेथेलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याने देवदूताचं नाव सांगून त्याला फसवलं; तो जेवला आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. सांगणारा पाळक असो की वडीलधारा, त्याचं म्हणणं वचनाशी ताडून पाहा, आणि पैसे, लग्न किंवा गुप्तता यांची मागणी असेल तर लगेच दुसऱ्या विश्वासू माणसाला सांगा. मारहाण होणाऱ्या घरात राहणं हे आज्ञापालन आहे, असं कुणी शिकवत असेल तर ते मानू नका. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद पळाला, आणि शास्त्र त्याला दोष देत नाही.

सगळं नीट करूनही बिघडलं तर? मासेदोनियाला आज्ञेप्रमाणे गेलेले पौल आणि त्याचा सोबती सीला तिथल्या फिलिप्पै शहरात फटके खाऊन तुरुंगात पडले. अडचण आली एवढ्यावरून निर्णय चुकला असं ठरत नाही. लिहून ठेवलेली कारणं काढा आणि तपासा: तेव्हा माहीत असलेल्या गोष्टींवर तो निर्णय प्रामाणिक होता का? असेल तर चालत राहा.

आणि खरंच चुकला असाल, तर ते देवाजवळ कबूल करा, ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई करा, आणि शेवटची स्पष्ट आज्ञा कुठे पाळली होती ते शोधा. दुष्काळात मिसरला जाऊन, साराला बहीण म्हणवून अडचणीत आलेला अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) परत आला, तो टप्प्याटप्प्याने बेथेल आणि आय यांच्यामध्ये, जिथे त्याने आधी वेदी बांधली होती त्याच जागी (उत्पत्ती १३:३-४). तिथे त्याने परमेश्वराच्या नावाने प्रार्थना केली. कागदाच्या उजव्या रकान्यात अर्धवट राहिलेली ओळ असेल, ती तुमची जागा.