डार्क चॉकलेट कसं निवडावं, किती खावं आणि इंदूरच्या उन्हाळ्यात कसं टिकवावं

'काही गोड आहे का गं?' रात्रीचं जेवण झालं, की आमच्या रामबागेतल्या घरात अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हा प्रश्न ठरलेला. घरात काही नसलं, तर चपला पायात सरकवायच्या आणि सराफ्याची वाट धरायची. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे कढया चढतात. मग रबडी, मुगाचा हलवा, हाताच्या पंजाएवढा जलेबा आणि आमची ती दाट दुधाची, चमच्याने खायची शिकंजी. अण्णांना बीपीची गोळी सुरू झाली आणि शुगर काठावर आली, तेव्हा डॉक्टरांनी रात्रीचं गोड बंद करायला सांगितलं. आठ दिवस पाळलं. नवव्या दिवशी अण्णा पुन्हा सराफ्यात.

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जेवणानंतर गोड खाल्लं गेलंय, तिथे नुसतं 'बंद करा' म्हणून भागत नाही. त्या जागी दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं. आम्ही डार्क चॉकलेटचे दोन तुकडे दिले. त्याला आता तीन वर्षं झाली. ओळखीतले अनेकजण विचारतात म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी समजून घ्या, फायदा नेमका किती

डार्क चॉकलेटला औषध समजून सुरुवात करू नका. फायदा आहे, पण तो लहान आहे.

कोकोच्या बियांत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत होते, वाहिन्या थोड्या सैलावतात आणि रक्ताला वाट मोकळी मिळते. पनामाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर राहणाऱ्या कुना लोकांचं बीपी वय वाढलं तरी फारसं चढत नाही, पण तेच लोक शहरात राहायला गेले की चढतं, असं दिसून आलं. बेटांवर ते रोज भरपूर कोको पितात. संशोधकांचं लक्ष कोकोकडे वळलं त्यात या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे.

पुढे झालेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये घेतला. ३५ चाचण्या, अठराशेहून थोडे अधिक लोक. बीपीतली घट सरासरी १.८ अंकांची. ज्यांना आधीपासून बीपी आहे, त्यांचा वरचा आकडा साधारण चारने उतरला. म्हणजे गोळी सोडून चॉकलेट खायचं, हा विचारसुद्धा मनात आणू नका. अण्णांची गोळी आजही सुरू आहे.

अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्कर लोकांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांत खात्रीने म्हणता येईल अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. आणि हे फ्लॅव्हनॉल कॅप्सूलमधून दिलं होतं, चॉकलेटमधून नव्हे. ब्रिटनच्या वैद्यकीय पत्रिकेत २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या अभ्यासात आठवड्यातून पाच वेळा किंवा त्याहून अधिक डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळलं. मिल्क चॉकलेट खाणाऱ्यांत तसं आढळलं नाही, उलट त्यांचं वजन वाढलेलं दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. डार्क चॉकलेट खाणारे लोक इतर बाबतीतही खाण्यापिण्यात जपून असू शकतात, म्हणून सगळं श्रेय चॉकलेटला देता येत नाही.

माझं मत सांगते. आमच्या घरातला सगळ्यात मोठा फायदा चॉकलेटमध्ये काय आहे यातून आलेला नाही. ते खाल्ल्यामुळे रबडीची वाटी खाली राहिली, त्यातून आला आहे.

पहिलं काम: ते कशाच्या जागी खाणार, हे ठरवा

सकाळी पोहे-जलेबी, दुपारी श्रीखंड, रात्री रबडी आणि वर 'तब्येतीसाठी' डार्क चॉकलेट, असं केलंत तर वजन वाढेल, दुसरं काही होणार नाही. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये जवळजवळ ६०० कॅलरी असतात. ते रोजच्या कुठल्या गोडाची जागा घेणार, ते घरात सगळ्यांसमोर बोलून ठरवा. आमच्याकडे ठरलं ते असं: सोमवार ते शुक्रवार रात्रीच्या गोडाच्या जागी चॉकलेट. शनिवारी सराफा, पण एकच पदार्थ आणि तोही दोघांत. सणावाराला पुरणपोळी व्हायचीच, त्या दिवशी चॉकलेटचा डबा उघडायचा नाही.

दुसरं: वेष्टण उलटं करा

पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत काय छापलंय ते सोडा. खरी माहिती मागे बारीक अक्षरांत असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. यादीत पहिलं नाव कोको मास, कोको सॉलिड्स किंवा कोको लिकर (दारू नव्हे, दळलेल्या कोकोचा गर) असलं पाहिजे. पहिलं नाव साखर असेल, तर चॉकलेट परत फळीवर ठेवा, पुढे कितीही मोठ्या अक्षरांत 'डार्क' लिहिलेलं असो.

टक्केवारीचा अर्थही नीट समजून घ्या. ७० टक्के म्हणजे कोकोचा गर आणि कोकोचं लोणी मिळून ७०. उरलेला भाग बहुतेक साखरेचा. ५० टक्क्यांच्या 'डार्क'मध्ये अर्ध्याच्या आसपास साखर असू शकते. घ्यायचं तर ७० किंवा त्याच्या वरचं घ्या.

आता माझी चूक. पहिल्याच महिन्यात मी केकचं सामान मिळतं त्या दुकानातून अर्ध्या किलोची काळीभोर लादी आणली. स्वस्त, चकचकीत, वर 'डार्क' लिहिलेलं. दोन आठवडे अण्णांना तेच देत होते. मग भाची सुट्टीला आली. तिने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाली, 'मामी, हे कंपाउंड आहे.' मागे पहिलं नाव साखर, दुसरं हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट, कोको पावडर तिसऱ्या नंबरवर. कंपाउंडमध्ये महागडं कोकोचं लोणी काढून त्या जागी पाम वगैरेचं वनस्पती तूप घातलेलं असतं. उन्हात लवकर वितळत नाही, स्वस्त पडतं, केकवर छान बसतं. तब्येतीसाठी ते बिलकुल नको. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. चांगलं करायला गेले आणि बीपीच्या माणसाला साखर आणि डालडा खायला घातला. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणखी दोन शब्द शोधा. एक, 'अल्कलाइज्ड'. कोकोचा कडवटपणा आणि आंबटपणा कमी करण्यासाठी त्यावर क्षाराची प्रक्रिया करतात. रंग गडद होतो, चव मऊ होते, पण फ्लॅव्हनॉल बरंचसं निघून जातं. म्हणजे जास्त काळं ते जास्त चांगलं, हा हिशेब चुकीचा आहे. दुसरा शब्द 'माल्टिटॉल', म्हणजे साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ. 'शुगर फ्री' चॉकलेटांत तो बऱ्याचदा असतो. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात आणि रक्तातली साखरही थोडी वाढते. शुगरवाल्यांनी 'शुगर फ्री' वाचून निर्धास्त होऊ नये.

तिसरं: जिभेला वेळ द्या

आयुष्यभर जिलबी खाल्लेल्या जिभेवर एकदम ८५ टक्क्यांचा तुकडा ठेवलात, तर तो थुंकला जाईल. अण्णांनी थुंकला होता. मग आम्ही ५५ पासून सुरू केलं, तीन आठवड्यांनी ६०, मग ७०. सोबत दोन भाजलेले बदाम किंवा चार मनुका दिल्या. आता त्यांना मिल्क चॉकलेट 'मिट्ट गोड' लागतं. तुकडा चावून गिळायचा नाही, जिभेवर ठेवून विरघळू द्यायचा. एकाने भागतं.

चौथं: मोजा

रोज २० ग्रॅम पुरे. बाजारातल्या बहुतेक चॉकलेटांचे हे दोन ते चार चौकोन होतात. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पाहा, म्हणजे नजर बसते. एवढ्यात साधारण १२० कॅलरी, पाच ग्रॅम साखर, दोन ग्रॅम तंतू आणि ४५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. सॅच्युरेटेड फॅटही पाच ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून २० ग्रॅमच्या वर जाऊ नका. लादी घरी आली की लगेच तोडून वीस-वीस ग्रॅमच्या पुड्या करून ठेवते मी. उघडी लादी समोर असली की हात थांबत नाही.

लोहाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असणं घरोघरी आहे. २० ग्रॅममध्ये दोन मिलिग्रॅमपेक्षा थोडं जास्त लोह असतं, हे खरं. पण कोकोतलीच द्रव्यं ते शरीरात नीट शोषू देत नाहीत, आणि जेवणातल्या लोहालाही अडवतात. रक्त वाढवायला चॉकलेटवर विसंबू नका. तुम्हाला ॲनिमिया असेल तर चॉकलेट जेवणाला चिकटून न खाता दोन तासांनी खा. त्यापेक्षा सकाळच्या पोह्यांवर पिळलेलं लिंबू लोहासाठी जास्त कामाचं.

आणि रोज एकाच कंपनीचं खाऊ नका. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २८ डार्क चॉकलेटं तपासली. त्यांतल्या २३ मध्ये शिसं किंवा कॅडमियम एवढं निघालं, की रोज २८ ग्रॅम खाल्लं तरी त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडली जाईल. कॅडमियम कोकोच्या झाडात मातीतून मुळांवाटे येतं. शिसं नंतर चिकटतं, बिया उघड्यावर वाळत घातलेल्या असताना धुळीतून. कोको जास्त तसा हा धोकाही जास्त, म्हणून ९० टक्क्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. ७० ते ७५ मध्ये राहा आणि ब्रँड बदलत राहा. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळी-सुपारीच्या बागांत कोको पिकतो. त्यापासून केलेली चांगली चॉकलेटं आता मिळतात, तीही आलटून पालटून घ्या.

पाचवं: इंदूरचा उन्हाळा

कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं. तोंडात ते इतकं सुरेख विरघळतं ते याचमुळे, आणि मे महिन्यात पिशवीत त्याचा लगदा होतो तोही याचमुळे. 'शब-ए-मालवा' म्हणून इथल्या रात्री गार असतात असा लौकिक आहे, पण दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चॉकलेट रात्रीची वाट बघत थांबत नाही.

एप्रिल ते जून चॉकलेट एसी असलेल्या दुकानातूनच घ्या, तेही संध्याकाळी, आणि वाटेत दुसरी कामं न काढता थेट घरी या. पुड्या फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवा. झाकण घट्टच हवं. कोकोचं लोणी आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं. आमच्याकडे एकदा लसणाच्या चटणीशेजारी ठेवलं होतं, ते कुणी तोंडात धरेना. खायच्या आधी डबा बाहेर काढून वीस मिनिटं बंदच राहू द्या. गार चॉकलेट एकदम उघडलं की त्यावर दव जमतं, साखर वर येते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

चॉकलेटवर पांढुरका थर दिसला की लोक बुरशी समजून फेकून देतात. बहुतेक वेळा ते वर आलेलं कोकोचं लोणी असतं. वितळून परत गोठल्याची खूण. खायला काही धोका नाही, फक्त चकाकी जाते आणि मोडताना 'कट्‌' असा आवाज येत नाही. असे तुकडे मी गरम दुधात विरघळवून, साखर न घालता, मुलांना देते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र साधं कपाटही चालतं.

कुणी जपून खावं

मुतखडा होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कोकोत ऑक्सॅलेट भरपूर असतं. ॲसिडिटीने छातीत जळजळ होणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. काहींचं अर्धशिशीचं दुखणं चॉकलेटने उठतं, तुम्ही त्यांतले असाल तर तुम्हाला ते ठाऊकच असेल. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी वर सांगितलेल्या शिसं-कॅडमियममुळे एखाद्या तुकड्यावर थांबावं, तेही रोज नको. कॅफीन फार नसतं, २० ग्रॅममध्ये १५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका कप चहापेक्षा कमी. तरी ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी रात्रीऐवजी दुपारच्या जेवणानंतर खावं. अण्णा साडेआठला खातात आणि दहाला झोपतात, त्यांना बाधत नाही.

घरात कुत्रा असेल, किंवा गल्लीतल्या कुत्र्यांना मुलं खाऊ घालत असतील, तर डबा वरच्या फळीवर ठेवा आणि मुलांना स्पष्ट सांगा. कोकोतलं थिओब्रोमिन माणसाला पचतं, कुत्र्याच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडत नाही. डार्क चॉकलेटमध्ये ते मिल्क चॉकलेटपेक्षा कितीतरी जास्त असतं, लहान कुत्र्याचा थोड्या तुकड्यांनीही जीव जाऊ शकतो. खाल्लंच, तर वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि चॉकलेटचं वेष्टण सोबत घ्या.