घरी मिरची पूड करताना या चुका टाळा

मुंबईत घरची मिरची पूड बिघडली की दोष मिक्सरला मिळतो. खरं कारण बहुतेक वेळा दमट हवा असते. लालबागच्या मिरची गल्लीतून आणलेली मिरची घरात उघडी राहिली तरी मऊ पडते. तशीच दळली तर साली भांड्याला चिकटतात आणि पूड जाडीभरडी राहते.

म्हणून देठं काढून मिरच्यांना कडकडीत ऊन द्या आणि संध्याकाळी आत घ्या. दळण्याआधी एक मोडून पाहा. कट्‌कन तुटली आणि आत बिया खुळखुळत असल्या तर तयार. वाकली तर आणखी ऊन हवं. मोडल्यावर आत राखाडी बुरशी दिसली तर ती मिरची टाकूनच द्या. भाजून भागत नाही, कारण बुरशीचं विष तव्याच्या आचेने जात नाही. शक्यतो हे काम मार्च ते मेमध्ये उरकावं. पावसाळ्यात करावंच लागलं तर मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत परता. काळे डाग पडले की पूड कडवट होते आणि मग काही उपाय नाही.

भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवल्यास पूड तापते आणि तिचा रंग-वास उतरतो. थांबवल्यावर लगेच झाकण उघडू नका, घरभर ठसका लागेल. पाच मिनिटं धूळ बसू द्या, पंखा बंद ठेवा. मग चाळा आणि चाळणीत वर उरलेली भरड पुन्हा फिरवा.

रंग फिका आला तर मिरचीची निवड चुकली. ब्याडगीचा रंग गडद पण तिखटपणा कमी, लवंगी भलतीच तिखट. दोन्ही मिसळून घ्या, एकटी लवंगी घरातल्या लहानांना झेपत नाही.

गरम पूड बरणीत भरू नका. आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. कागदावर पसरून पूर्ण गार करा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा, वर हिंगाचा खडा ठेवा. चमचाही कोरडाच हवा.

हात भगभगत असतील तर नुसत्या पाण्याने आराम पडत नाही. मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, म्हणून आधी खोबरेल चोळा, मग साबणाने धुवा. तोवर डोळ्यांना हात लावू नका.