धर्मग्रामात तरुणांचा बंधुगट कसा उभारावा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी संगमनेर, राहुरी अथवा जालन्याहून पुण्यात आलेला कॅथलिक तरुण वडगाव शेरीत वा हडपसरला कॉट बेसिसवर राहू लागला की पहिले काही रविवार नेमाने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जातो. पुढे रात्रपाळी आणि झोप यांच्या ओढाताणीत मिस्सा सुटते आणि तो आला नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बंधुगट उभारायचा तो यासाठी की, न आलेल्याची चौकशी करणारे कोणीतरी असावे.

प्रथम धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या परिसरातील कॅथलिक समाजाच्या, फादरांना भेटून परवानगी आणि एक खोली मागावी. जाहिरात करू नये, फलक तर मुळीच लावू नये. ओळखीच्या पाच-सहा जणांना प्रत्यक्ष विचारावे. संख्येची चिंता नको. पुढे येशूसंघ (जेज्विट) हा धर्मसंघ स्थापन करणारे पीटर फेबर, फ्रान्सिस झेवियर आणि इग्नाशियस लोयोला पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना एकाच खोलीत राहत होते, आणि १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर त्यांनी व्रते घेतली तेव्हाही सोबती धरून ते अवघे सात होते.

बैठक आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सव्वा तासाची असावी आणि दोघेच आले तरी ती रद्द करू नये. येत्या रविवारच्या मिस्सातले शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातील उतारा, मराठीतून दोनदा सावकाश वाचावे, पाच मिनिटे शांत बसावे आणि मग प्रत्येकाने आपल्याला कोणते वाक्य अडले किंवा भिडले एवढेच सांगावे. प्रवचनाची हौस असणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. त्याला प्रेमाने आवरण्याचे काम गटप्रमुखाचे. वचनाच्या अर्थाबद्दल प्रश्न साचले की रामवाडीच्या पेपल सेमिनरीतील एखाद्या ब्रदरना बोलावण्याची विनंती करावी. ही सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आली आणि धर्मगुरुपदाची तयारी करणारे तरुण तेथेच शिकतात, त्यामुळे समवयस्काशी बोलण्याचा मोकळेपणाही मिळतो.

बैठकीपेक्षा महत्त्वाचा आहे तो रोजचा नेम, आणि इग्नाशियस यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण पाळीवर काम करणाऱ्यालाही जमण्यासारखे आहे. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे काढून दिवसाबद्दल देवाचे आभार मानावेत, स्वतःकडे खरेपणाने पाहण्यासाठी प्रकाश मागावा, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवावा, चुकले असेल त्याची क्षमा मागावी आणि उद्यासाठी एकच लहान निश्चय करावा. नवशिके बहुधा पहिली पायरी गाळून थेट चुका मोजू लागतात आणि पंधरा दिवसांत कंटाळतात, म्हणून आभारांना घाई करू नये. आपल्या निश्चयाची आठवण करून देण्यासाठी प्रत्येकाने गटातील एक सोबती निवडावा. मात्र पाप धर्मगुरूंपुढे पापनिवेदनातच सांगायचे असते; गटात ते सांगण्याचा आग्रह कोणीही धरू नये, आणि मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट व्हॉट्सॲपवर जाता कामा नये.

महिन्यातून एक बैठक खोलीबाहेर घ्यावी. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांसह व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची सुरुवात केली तेव्हा ते वीस वर्षांचे विद्यार्थी होते, आणि गरिबांसाठी तुम्ही काय करता, या टोमण्याला त्यांचे उत्तर होते ते गरिबांच्या घरी जाणे. आपल्याकडेही धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतात. फादरांकडून नावे घेऊन दोघा-दोघांनी त्यांच्याकडे जावे, औषधे आणून द्यावीत, सोबत जपमाळ म्हणावी. फोटो काढू नयेत.

अठरा वर्षांखालील मुले येऊ इच्छित असतील तर त्यांचा गट वेगळा करावा, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि तेथे नेहमी किमान दोन जबाबदार प्रौढ उपस्थित राहतील असे पाहावे. मोठ्यांचा गट दहाच्या वर गेला की दोन गट करावेत आणि नव्या गटाचे नेतृत्व सर्वांत छान बोलणाऱ्याकडे न देता सर्वांत कमी बैठका चुकवणाऱ्याकडे द्यावे.